कोराडीची ड्युटी

माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा मनोरुग्णालयात भरती झाला तेव्हा आईने शेजारणींना सांगून टाकलं, की पोराला कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी लागली. नागपुरात पचेल असंच खोटं होतं ते. तिथे क्वार्टर मिळतं, शिफ्ट असतात, माणूस चार-दोन महिने दिसला नाही तरी कोणी चौकशी करत नाही. पुढे आई गेली, भाऊ सावरून माझ्याकडे राहायला आला, पण कोराडी काही सुटली नाही. घरात पाहुणे आले आणि तो त्यांच्या नजरेला पडू नये असं वाटलं, की तो कोराडीला.

आता तो गोळ्या वेळेवर घेतो आणि दुपारी वस्तीतल्या समाजभवनात जातो. त्याच्यासारखे आठ-दहा जण तिथे जमतात. कॅरम खेळतात, धान्य निवडून देतात, एकमेकांना गोळीची आठवण करून देतात. एखादा आला नाही तर दोघं जण त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन येतात. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या आमच्याच वस्तीतल्या एक बाई हे सगळं बघतात. त्यांनी मला कितीदा तरी बोलावलं. मी भावाला कोपऱ्यावर सोडून परत फिरायचे. आत जाताना कोणी पाहिलं तर? लेकीचं लग्न जमवायचं होतं ना, त्यामुळे माझी सगळी भीती तिच्या नावावर खपून जात होती.

परवाच्या रविवारी आपल्या मुलासाठी तिला पाहायला कळमन्याचे एक धान्य व्यापारी येणार होते. भावाला कसं सांगावं, याचे शब्द जुळवत मी पोह्यांचा कांदा चिरत होते. तेवढ्यात तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात डबा घेऊन समोर उभा.

"ताई, मी कोराडीले जाऊन राहिलो. पाहुणे गेले की सांगजो."

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. आणि त्याची लाज अजून जात नाही.

मुलाचे वडील मोकळ्या स्वभावाचे निघाले. पोहे संपवून त्यांनी विचारलं, "पोरीचे मामा नाही दिसले?"

"कोराडीला असतात," मी म्हणाले. इतक्या वर्षांचं घोटलेलं वाक्य, जीभ अडखळली नाही.

"अरे वा! आमचे जावई तिथंच आहेत. मामा कोणत्या खात्यात?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पंख्याकडे पाहिलं.

"कोळशाच्या," मी ठोकून दिलं.

"मंग तर ओळख असनच! पुढच्या रविवारी जावयाले घेऊनच येतो."

लेक चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. याच मामाने तिला सायकल शिकवली होती. पाहुणे गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "मामाले आणाले तू जाय. अन् आत जाऊन आण."

मी गेले. सतरंजीवर सगळे सुपांत तूर निवडत बसले होते. बाईंनी सरकून मला जागा केली. "या वं ताई. आज रविवारचा हा डबा घेऊन आला, तवाच समजलो आम्ही, घरी पाहुणे असतीन. तोच सांगते ना, पाहुणे आले की मले कोराडीची ड्युटी लागते." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले तरी असते. मान खाली घालून मी समोरच्या सुपातले खडे वेचू लागले.

भावाने विचारलं, "ताई, जमलं का?"

"पुढच्या रविवारी पाहुणे परत येऊन राहिले," मी म्हणाले. "मी त्यायले खरं सांगून टाकीन. तू घरीच राहाजो."

त्याने सूप खाली ठेवलं. त्याचा चेहरा पडला.

"मंग कोराडीले कोण जाईन?"

बाकीचे हसले. तो हसला नाही. इतक्या वर्षांत त्याने ती ड्युटी एकदाही चुकवली नव्हती, आणि आता ती कोणाच्या गळ्यात पडणार, याची त्याला खरंच काळजी लागली होती.