उकळलेलं फ्लोराइड

मार्चमधला दुसरा रविवार. भेस्तानच्या आमच्या सोसायटीची बैठक. हजर: अध्यक्ष, सेक्रेटरी, दोन शेजारणी आणि मी. माझ्या धाकट्या लेकीचे नवे दात तपकिरी डाग घेऊनच आले होते. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे, असं दंतवैद्य म्हणाले. हिरड्यांतले दात अजून वाचतील, पाणी बदला.

मी हे सांगितल्यावर अध्यक्ष म्हणाले, "ताई, पाणी उकळून पाजा ना."

"भाऊ, उकळून पाणी आटतं. फ्लोराइड तिथंच राहतं."

"मग राखुंडीने घासा!"

सगळे हसले आणि विकतच्या जारमधलं पाणी प्यायले. असले शहाणे आम्हीच निवडून दिलेत.

पालिकेचा नळ मागायला पाण्याचा तपासणी अहवाल हवा. नमुन्याची बाटली अजून सेक्रेटरींच्या स्कूटरच्या डिकीतच आहे.