चोरीचा मोगरा

कुडवा गावात आमच्या भिंतीपलीकडे राहणारे काका माणसाशी बोलतानाही झाडाकडेच पाहतात. उन्हं चढायच्या आत डोक्याला दुपट्टा बांधून ते वांग्यांच्या बुडाशी भाताचं तणस पसरतात, दोडक्याचा वेल मांडवावर चढवतात आणि जाता जाता माझ्या बागेला नावं ठेवतात.

फागुनात मी त्यांना मोगऱ्याची एक फांदी मागितली.

"मागून नेलेला मोगरा लागत नाही जी," ते वांग्याला म्हणाले. "चोरून न्या. मी पाहून नाही राहिलो."

असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली आणि पाइप धरून पाणी घालू लागले. मी चोरासारखा भिंतीवरून वाकलो.

"खालची नोका तोडू, ते वाळली हाय," पाठीमागे न बघताच ते म्हणाले. "डाव्या हाताची घ्या."

मोगरा लागला. मे महिन्यात त्याला नवी पालवी फुटली, त्याच सकाळी काका भिंतीवरच्या माझ्या मिरचीच्या रोपांच्या कुंडीपाशी घुटमळताना दिसले. रिवाज मला आता ठाऊक होता. मी पाठ फिरवली आणि समोरच्या दाराला सांगितलं, "कडेची नका घेऊ, मधली जोमदार आहेत."

वळून पाहिलं तर कुंडीच नव्हती.

"काय शोधून राहिले जी?" काकांनी दोडक्याच्या वेलाला विचारलं.