माझ्या सर्टिफिकेटची उलटतपासणी

निवृत्तीनंतर तरी कोर्टाची पायरी सुटेल, असं वाटलं होतं. कसलं काय! भेसळीच्या एका जुन्या खटल्यात साक्षीचं समन्स आलं आणि मी, सरकारी प्रयोगशाळेतला माजी अन्न विश्लेषक, सकाळीच पुण्याहून निघालो. दुधात फॅट कमी, असं सर्टिफिकेट मीच दिलं होतं. आता आरोपीच्या वकिलांनी त्याला आव्हान दिलं होतं.

बारामतीला एसटी बदलली. इंदापूरच्या वाटेवर उसाचा ट्रॅक्टर बंद पडून रस्ता अडला. मी चरफडत घड्याळ बघत होतो. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यांना सगळे तात्या म्हणत होते. त्यांनी निवांत फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. सोबत वांग्याचं कोरड्यास (कालवण). इतकं झणझणीत, की नाकाडोळ्यांतून पाणी आलं. राग मात्र गेला.

तात्या कळस गावचे, रतिबाचं दूध घालणारे. तेही कोर्टातच निघालेले. पुण्याच्या कुणा साहेबाच्या कागदापायी म्हातारपणी तुरुंगात जायची वेळ आलीय, असं ते सांगू लागले. तो साहेब मीच.

तात्यांनी सांगितलं, की दुधाचा नमुना घ्यायला अन्न इन्स्पेक्टर आणि त्यांची माणसं दारात आली, तेव्हा रात्रीच्या दुधाचा कॅन नुकताच उघडला होता. तात्यांनी आधी सगळ्यांना चहा केला, त्याच कॅनमधलं वरवरचं सायीचं दूध घेऊन. नमुना त्यानंतर काढला, न ढवळता.

"वकिलांना सांगितलंत हे?"

"न्हाय बा. दारात आलेल्याला पाजलेला चहा कोर्टात काढायचा व्हय?"

मी कोण, हे मात्र मी सांगितलं नाही. साक्षीदाराने आरोपीशी बोलू नये, हे कारण सोयीचं होतं.

कोर्टात मी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि तात्यांच्या वकिलांनी माझी उपकरणं, सह्या, तारखा, सगळं उकरलं. हाती काही लागेना. शेवटी वैतागून म्हणाले, "म्हणजे तुमचं सर्टिफिकेट बरोबरच?"

"बाटलीपुरतं बरोबर," मी म्हणालो. "आधी वरचं दूध काढून, कॅन न ढवळता नमुना घेतला असेल, तर कॅनमधल्या दुधाबद्दल ते काहीच सांगत नाही."

वकील चमकून तात्यांकडे वळले. तात्यांनी मान खाली घातली. इन्स्पेक्टरला पुन्हा साक्षीला बोलवायचं ठरलं आणि पुढची तारीख पडली.

परतीच्या एसटीपाशी तात्या आले. खोटं कशाला बोलू, आभार मानतील असं मला वाटलं होतं.

"सायेब, एवढं ठावं हुतं, तर तवाच कागदावर एक वळ का न्हाय लिवली?"

छापील नमुन्यात तसा रकाना नव्हता, हे सांगायला जीभ रेटेना. एसटी सुटली. नोकरीत किती बाटल्या तपासल्या, आठवत नाही. एकाही दूधवाल्याचं दार मात्र मी पाहिलं नव्हतं.