वेगळी बादली

गेल्या वर्षीची अठरा जानेवारी. मी जुन्या साड्यांचे चौकोनी तुकडे कापत बसले होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून आईच्या अंथरुणात रोज सात-आठ तुकडे लागायचे. विकतचे डायपर तिला टोचायचे. अकरा वाजता तुरुंगातून भावाचा फोन येणार होता, म्हणून टीव्ही बंद होता.

भाऊ खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतो आहे. अकरावं वर्ष. मी केलेलं नाही, असं तो पहिल्या दिवसापासून सांगतो. मीही तेच सांगते, आणि ते नुसती बहीण म्हणून नाही. सरकारी वकिलाने खुनाची जी वेळ सांगितली, त्या वेळी तो कोपरखैरण्याच्या आमच्या घरात मोरीच्या दाराशी उभा राहून कपडे काढत होता. सख्ख्या बहिणीची साक्ष म्हणून ती कोणी धरली नाही.

तो तुर्भ्याला मिरची दळायच्या कारखान्यात होता. रजेवरून त्याचं मुकादमाशी चारचौघांत भांडण झालं आणि दोन दिवसांनी मुकादम गोदामामागे मरून पडलेला सापडला. मारताना कोणी पाहिलं नव्हतं. एका चहावाल्याने कंपनीचा निळा शर्ट घातलेला माणूस पाठमोरा जाताना पाहिला होता. तो शर्ट कारखान्यातला प्रत्येक जण घालायचा. एवढ्यावर माणूस अडकला नसता. अडकला तो धुण्यामुळे.

मिरचीचे कपडे घरच्या कपड्यांत घालता येत नाहीत. एकदा आईचं झंपर चुकून त्यांच्याबरोबर भिजलं, तर दोन दिवस तिच्या अंगाची आग होत होती. तेव्हापासून दाराशी एक वेगळी बादली असायची. तो आला की कपडे थेट तिच्यात, आणि मी ते लगेच, हातमोजे घालून धुवायचे. रोज. मिरचीवर काम करणाऱ्यांच्या घरोघरी हेच चालतं.

कोर्टात सरकारी वकिलाने मला विचारलं, कपडे त्याच संध्याकाळी धुतले का? मी म्हटलं, हो. घरच्या कपड्यांपासून वेगळे? हो. हातमोजे घालून? हो. विचारतील तेवढंच बोलायचं, पाल्हाळ नको, असं आमच्या वकिलाने मला बजावलं होतं. मी शहाण्यासारखी गप्प बसले. नंतर तो स्वतः उठून मिरचीबद्दल विचारेल, असं मी धरून चालले होते. तो उठलाच नाही. बसल्या जागी मोबाइल बघत होता. निकालात आलं की आरोपीच्या बहिणीने रक्ताचे डाग घालवले असावेत. अपिलातही तेच टिकलं. त्या वकिलाची मला अजून शिसारी येते, आणि त्याच्याहून जास्त त्या तीन ‘हो’ची.

तर आई पडली. हृदय कमजोर, ऑपरेशन झेपणार नाही, किती दिवस ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. भावाने पॅरोलचा अर्ज केला. चौकशीला आलेला हवालदार म्हणाला की सोसायटीचं ‘हरकत नाही’ असं पत्र असलं तर त्याचा रिपोर्ट सोपा होईल. म्हणून अठराच्या आधीच्या रविवारी मी कमिटीपुढे गेले.

कमिटी बटाटेवडे खात होती. सेक्रेटरींनी माझा अर्ज वाचला आणि तेलकट बोटं त्याच कागदाच्या कोपऱ्याला पुसली.

“मॅडम, आमी तुमच्या विरोधात नाही,” ते म्हणाले. “पण तो अजून निर्दोषच म्हणतो ना? म्हणजे सुधारला नाही.”

खजिनदार बाईंनी मान डोलावली. वर्षाचं तिखट आमच्याकडून आणलं की त्यांना कसं स्वस्त पडायचं, हे त्या विसरल्या होत्या. त्या म्हणाल्या की चुकलो म्हणाला असता तर आपणही माणसंच आहोत. मग सेक्रेटरींनी मला वाक्य सांगितलं: ‘माझ्या हातून घडलेल्या कृत्याचा मला मनापासून पश्चात्ताप आहे.’ एवढं त्याच्या सहीने आणा, शिक्का तयार आहे. कोणीतरी मला वडा पुढे केला. मी उठले.

आणि त्याच संध्याकाळी झेरॉक्सवाल्याकडे जाऊन मी ते वाक्य टाइप करून आणलं. हेही लिहायला हवं. एकोणीस तारखेची भेट आधीच बुक होती. कागद न्यायचा, सही घ्यायची, असा माझा हिशेब. फोनवर आधी वाचून दाखवायचं, म्हणजे तिथे वेळ जायला नको.

अकराला फोन आला. आईला ऐकू जावं म्हणून मी स्पीकर लावला आणि वाचलं.

“परत वाच, आक्का,” तो म्हणाला.

मी परत वाचलं.

“तू लिहिलंस?”

“वाक्य त्यांचं. टाइप मी केलं. सही कर, ये, आईला बघ, परत जा. कागदाला कोण विचारतंय?”

“कोर्टात पण आपण असंच समजून चाललो होतो, नुसत्या ‘हो’ला कोण विचारतंय.”

मागून कोणीतरी त्याला आवर म्हणत होतं.

“इथं आलो तेव्हा घड्याळ, पट्टा, पाकीट, सगळं जमा करून घेतलं,” तो म्हणाला. “मी केलं नाही, एवढंच माझ्याकडं राहिलंय. ते पण जमा करू का?”

दहा मिनिटं संपली. फोन कट झाला.

आई छताकडे बघत होती. तशीच म्हणाली, “न्हाई करणार त्यो सही.”

“नाही.”

“बरं करतोय. मग मलाच न्ये की उद्या.”

तिसरा मजला, लिफ्ट नाही, हलवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, हे सगळं मी तिला ऐकवलं.

“डाक्टरला निजव हितं माझ्या जागी,” ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी कागदाचे चार तुकडे करून ओल्या कचऱ्यात टाकले, चहाच्या चोथ्यावर. संध्याकाळी दूध आणायला खाली गेले तर सेक्रेटरी गेटपाशी उभे. सही झाली का, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही झाली आणि होणार नाही, तुमचं पत्रही नको.

“मग आमचा नाइलाज आहे, मॅडम.”

“नाइलाज आजाऱ्याचा असतो,” मी म्हटलं. “तुमची ती हौस आहे.”

बाजूच्या इमारतीत आमच्या साताऱ्याकडचे दोन माथाडी राहतात, बाजारात पाठीवर पोती वाहणारे. दूध घेऊन तशीच मी त्यांच्याकडे गेले. किती वजन, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आता चाळीस किलोही नसेल. थोरला म्हणाला, मग एकटा नेतो, पण म्हातारीला दोघं असलेली बरी.

भेटीच्या बुकिंगमध्ये मी दर वेळी आईचंही नाव घालत असे, त्यामुळे तिकडची अडचण नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी आईला पुसून घेतलं, दुहेरी तुकडे बांधले, दुखण्याची गोळी दिली. दोघांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून ओढणीने बांधलं आणि पायरी-पायरीने उतरवलं. प्रत्येक वळणावर ती कण्हत होती. थांबायचं का विचारलं की हाताने पुढे चला म्हणत होती. खाली भाड्याची गाडी उभी होती. मागची सीट आडवी करून तिला निजवलं, खुर्ची वर टपाला बांधली. साडेनऊला मी तुरुंगाच्या खिडकीवर होते. परवानगी आम्हा दोघींपुरतीच होती, म्हणून माझं आणि आईचं अशी दोन आधार कार्डं आत सरकवली आणि आतल्या शिपायाला विचारलं, खुर्ची उचलायला माझ्याबरोबर आत कोण येणार?