बराकीतल्या काकींची खोली

“निर्वासित न्हाय, पावणं म्हणायचं त्यास्नी,” आजोबा म्हणायचे. महायुद्धात देश सुटलेल्या पोलिश बायकामुलांच्या वळिवड्याच्या छावणीत ते दूध घालायचे.

तिथं राष्ट्रीय स्मारक-उद्यान व्हावं म्हणून मी वर्षानुवर्षं सह्या गोळा करत हिंडले. आज तिथल्या जमिनीची मोजणी झाली. छावणीच्या उरलेल्या एकमेव बराकीत एक सिंधी काकी राहतात. फाळणीनंतर आईच्या कडेवर त्या इथं आल्या.

मोजणीवाल्यांना चहा देत त्या मला म्हणाल्या, “मी पण निर्वासितच की गं! माझी पाटी कुठं लावणार?”

उद्यानासाठी त्यांना खोली सोडावी लागणार आहे. मी फार थकलेय.

आपल्या स्मारक समितीतल्या मित्रांनो, तुम्ही नाहीच म्हणाल. तरी मागते: काकी आहेत तोवर ती खोली नकाशात घेऊ नका.