कोरिनची पक्की नोकरी

उत्तर कॅलिफोर्नियात मॅटोल नदीवरच्या डोंगरात वाढलेल्या पोरांना एक उत्तर लहानपणीच पाठ असायचं. शाळेत कुणी विचारलं, बाबा काय करतात, की म्हणायचं, "सुतार." कोरिनच्या बाबांनी जन्मात एकच कोंबड्यांचं खुराडं बांधलं, तेही वाकडं. घर चालायचं ते झाडांआड लावलेल्या गांज्यावर. ऑगस्टात सरकारी हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागलं की आई तिला नेच्याच्या जाळीत पालथी झोपवायची आणि स्वतः तिच्यावर आडवी व्हायची.

मोठेपणी कोरिनही तेच करू लागली. दुसरं काही येत नव्हतं, आणि एल्डन होता. शेजारच्या कड्यावरचा, उंच, रोपांशी लाडात बोलणारा. रोपांना लवकर अंधार मिळावा म्हणून संध्याकाळी त्यांच्या प्लॅस्टिकच्या घरांवर ताडपत्री ओढायची, तर एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. हाक मारावी लागायची नाही. दोघांची पावलं आपसूक जुळायची.

मग गांजा कायदेशीर झाला. डोंगरभर लोक नाचले. आणि त्याच वसंतात कोरिनने काउंटीच्या रस्ते खात्यात नोकरी धरली.

"आयुष्यभर चोरासारखं जगलो," एल्डन म्हणाला, "आता उजळ माथ्याने पीक घ्यायचे दिवस आले, तर तू चाललीस? रस्त्यावर गाड्यांना झेंडा दाखवायला?"

"पाऊस लवकर आला की कळ्यांना बुरशी. भाव पडला की संपलंच. सगळं वर्ष एका ऑक्टोबरवर टांगलेलं. मला नाही रे जमत आता. अजून गाडीचा आवाज आला की माझे हात थांबतात."

"डोंगराचा कंटाळा आलाय की माझा?"

"तूही चल ना. आमच्या मुकादमाला, रॉयसला, माणसं हवीत."

"मी? ती नारिंगी बंडी घालून?" तो हसला. तिला हसू आलं नाही.

हे पीक निघालं की तो खाली येईल, असं तिला वाटत होतं. पीक निघायच्या आत ती वर येईल, असं त्याला. ती खाली फर्नडेल गावात एका बेकरीमागच्या खोलीत राहू लागली, झेंडा सोडून खोदयंत्र चालवायला शिकली. सुरुवातीला एल्डन दर रविवारी यायचा. मग महिन्यातून एकदा. मग नुसता निरोप.

पुढे भाव असा कोसळला की लागवडीच्या परवान्याचा खर्चही निघेना. डोंगरावरचं एकेक घर रिकामं झालं. कोरिनचं म्हणणं खरं ठरलं होतं, पण त्याचा तिला क्षणभरही आनंद झाला नाही.

त्या जानेवारीत वरच्या रस्त्यावर दरड कोसळली. चिखल, ओंडके, अर्धी टेकडीच खाली आली होती. कोरिन यंत्रावर होती. पलीकडची वाट दिसू लागली, तेव्हा तिथे एल्डनची गाडी उभी होती. मागे गादी, शेगडी, खुर्च्या, सगळं दोरीने बांधलेलं.

ती खाली उतरली. "कुठे?"

"ऑरेगनला. मामेभावाची लाकडाची वखार आहे. नोकरी देतोय." तो चिखलाकडे बघत होता. "पक्की."

"मग इथे का नाही रे? किती वेळा म्हटलं मी!"

"तुझ्याकडे जिंकून यायचं होतं गं. हरून कसं येऊ?"

तिला म्हणायचं होतं, तू कसाही आला असतास तरी चाललं असतं. तेवढ्यात मागून रॉयस ओरडला, "कोरिन, यंत्र बाजूला घे! गाडी जाऊ दे त्याची!"

तिने यंत्र बाजूला घेतलं. तिच्याच हाताने मोकळ्या केलेल्या रस्त्यावरून एल्डन सावकाश निघून गेला. वळणावर त्याने काचेबाहेर हात काढला आणि परत आत घेतला.

रॉयस कॉफी घेऊन आला. "ओळखीचा होता का गं?"

"हो," ती म्हणाली. "आमच्या डोंगरावरचाच."

कोरिन अजून त्याच खात्यात आहे. खात्याच्या विम्यावर दात बसवून घेतलेत, झोप लागते, गाडीच्या आवाजाने दचकत नाही. नोकरी धरल्याचा पश्चात्ताप होतो का, असं नव्या पोरी विचारतात.

"नोकरीचा नाही," ती म्हणते आणि हातमोजे चढवू लागते.