टँकरची नळी
आळेफाट्याला मैला उपसणारा टँकर शेजारून गेला, की नासक्या अंड्यांसारखा वास नाकात चढतो आणि मला बाबांचे केस आठवतात. शेतावर रोजगार नसला की बाबा लोणीतल्या बंगलेवाल्यांच्या संडासाच्या टाक्या उपसायचे, कमरेला दोर बांधून, आत उतरून, बादलीने. घरी आले की आई त्यांना अंगणातच बसवून डोक्यावर पाणी ओतायची, तरी भाकरी मोडताना त्यांच्या केसांना, नखांना तोच वास यायचा आणि मला ओकारी यायची. स्वतःच्या बापाची किळस यावी, याची लाज आणखी वेगळी. मी बी.ए. झाले त्या उन्हाळ्यात एक बागायतदार बुद्धविहाराशेजारच्या आमच्या दारात आला, तो नाकाला रुमाल लावूनच. "टाकी तुंबलीय. मोरीतून सगळी घाण वर आलीय अन् घरात पावणं हायेत. चल बिगीबिगी." बाबांनी सवयीनं खुंटीवरचा दोर काढला. मी तो त्यांच्या हातातून घेतला. "बाबा उतरणार नाहीत. नारायणगावातून टँकर बोलवा." "आजवर तुझाच बाप उतरलाय की!" "मग आज तुमी उतरा, भाऊ. घाण तुमचीच हाय." तो तोंड वाकडं करून गेला, पण दुपारी त्याच्या दारात टँकर लागला. बाबा लांबून त्या जाड नळीकडे बघत राहिले. "लई बेस वढतीय गं," एवढंच म्हणाले. आईनं दोर चुलीत घातला. पुढं आम्ही घर बांधलं, तेव्हा टाकीला नळी जाईल असं उघडतं झाकण ठेवलं. दोर जाळला त्या दिवसापासून आमच्या घरातलं कुणीही टाकीत उतरलेलं नाही.